शीळ घालायचे दात

मी भोरला खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, भाड्याचं तर नावही काढलं नाही. ओट्यावर बसल्या बसल्या त्यांनी माझ्या तोंडाकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, एक वाक्य म्हणता का? चिंचेच्या झाडाशी सोसाट्याचा वारा सुटला, पण फांदी फुटली नाही."

मी गोंधळले, पण म्हटलं.

"छान. वरचा डावा सुळा जरा पुढं आहे तुमचा. कुणी कितीही सांगितलं तरी तो घासून घेऊ नका. तो तुमचा आहे. जिना तिकडून. खोली बघून घ्या."

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, शिकून शिक्षिका झाले होते आणि इथल्या मुलींच्या शाळेत नेमणूक झाली होती. त्याआधी गावात तीन घरांनी मला दारातूनच परत पाठवलं होतं. एकटी बाई म्हटलं की त्यांची खोली नुकतीच कुणाला तरी दिलेली असायची. या घरात मात्र माझी परीक्षा फक्त एका वाक्याची झाली आणि मी पास झाले. पुढे बारा वर्षं मी त्याच खोलीत राहिले.

गावात त्यांना तोंडावर अण्णा म्हणत आणि पाठीमागे कवळीवाले. जन्मानं सोनार. तरुणपणी मुंबईला एका गोऱ्या दंतवैद्याकडे नोकरीला होते. साहेब पुढच्या खोलीत लोकांचे दात काढायचा आणि मागच्या खोलीत अण्णा लोकांचे दात करायचे. अकरा वर्षांनी ते एक लाकडी पेटी आणि एक तांब्याचं वाफेचं भांडं घेऊन भोरला परत आले आणि नीरेकडे उतरणाऱ्या आमच्या आळीत कवळ्या करू लागले. भोर-वेल्ह्याच्या मुलखात हे काम करणारं दुसरं कुणी मी तरी ऐकलं नाही.

त्या भांड्याला ते तोफ म्हणत. माणसाच्या जबड्याचा मेणात ठसा घ्यायचा, त्यावरून प्लॅस्टरचा साचा करायचा, साच्यात मऊ रबर दाबून बसवायचं, रबरात विलायतेहून आलेले चिनीमातीचे दात ओळीनं रोवायचे आणि ते सगळं तोफेत घालून शिजवायचं. सव्वा तास. त्या सव्वा तासात ते घड्याळ हातात धरून तोफेसमोर बसत आणि कुणाशी एक शब्द बोलत नसत. एकदा वहिनींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, माहेरची माणसं दाराशी आली. अण्णांनी नुसता हात वर केला. पाहुणे ओट्यावर बसले, घाम पुसत राहिले. तोफ उतरल्यावर अण्णा उठले आणि अगदी आनंदानं म्हणाले, "या, या, कधी आलात?"

लग्नाच्या पंगतीत ते जेवत कमी आणि बघत जास्त. "तो तिसऱ्या पानावरचा फक्त उजवीकडून चावतोय," असं माझ्या कानाशी पुटपुटत. आपण केलेली कवळी कुणाच्या तोंडात जिलबी मोडताना दिसली की त्यांचा चेहरा उजळायचा. पण ती कवळी कुणाची, हे ते प्राण गेला तरी सांगत नसत. त्या काळी खोटे दात लावणं ही लपवायची गोष्ट होती. गावातली मोठमोठी माणसं मागच्या दारानं येत आणि मागच्या दारानं जात. अण्णांच्या कपाटात ठसे होते, पण एकावरही नाव नव्हतं. कुठं टिंब, कुठं दोन रेघा. ती खूण त्यांना एकट्यालाच कळे.

त्यांच्या टेबलाच्या खणात जुन्या दातांचा संग्रह होता. सोन्याच्या तारेनं शेजारच्या दाताला बांधलेला एक दात, हस्तिदंतात कोरलेली अख्खी खालची रांग, कुणा हौशी सुतारानं बाभळीत कोरलेला एक भयंकर जबडा. रविवारी मला ते एकेक काढून दाखवत. "पूर्वी विलायतेत काय करायचे माहीत आहे, बाई? लढाईत पडलेल्या शिपायांचे दात उपटून श्रीमंतांच्या कवळीत बसवायचे. मेलेल्याचे दात जिवंताच्या तोंडात! मग रबर आलं, चिनीमाती आली. तेव्हा कुठं माणसाला दुसऱ्याचं न घेता हसता यायला लागलं." हे सांगताना ते असे ताठ बसत की रबराचा शोध त्यांनीच लावला असावा.

पांढरेशुभ्र, एकसारखे दात मागणाऱ्याला ते सरळ परत पाठवत. आंबवड्याच्या एक बाई आल्या होत्या. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि विहिणीसमोर बोळक्या तोंडानं उभं राहायचं नव्हतं. अण्णा म्हणाले, "मुलीला घेऊन या." मुलगी आली. तिचा पुढचा एक दात दुसऱ्यावर किंचित चढलेला होता. अण्णांनी आईच्या कवळीतही तो तसाच चढवला. बाईंनी आरशात पाहिलं आणि कितीतरी वेळ आरसा खाली ठेवला नाही. "ह्यो माझाच दात हाय," त्या म्हणाल्या. "तुमास्नी कसं कळलं?"

कवळी बसली की गिऱ्हाइकाकडून ते चिंचेच्या झाडाचं वाक्य म्हणून घेत; दातांशी अडणारी अक्षरं त्यात तपासून होत. त्यात 'थ' नाही, हे मी एकदा दाखवून दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, विचार केला आणि तिथल्या तिथं वाक्य बदललं: "चिंचेच्या झाडाशी सोसाट्याचा वारा सुटला, फांदी थरथरली, पण फुटली नाही." त्या दिवसापासून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, की हे वाक्य आमच्या बाईंनी सुधारलंय. शाळेतल्या कुठल्याही शेऱ्यापेक्षा मला त्याचा अभिमान वाटायचा.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. फाल्गुन महिना होता. बाजाराच्या दिवशी एक गवळी धनगर तुपाचं मडकं डोक्यावर घेऊन आमच्या दारात उभा राहिला. पंचेचाळिशीचा, उंच, काटक. राजगडाच्या पायथ्याला पाली गाव आहे, त्याच्या वरच्या अंगाला पठारावर त्याचं घर. तो तोंडावर हात धरूनच बोलत होता.

"हितं दात बसिवत्यात म्हनं."

अण्णांनी त्याला बसवलं, तोंड उघडायला लावलं. वरचे पुढचे सहा दात नव्हते. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला दाव्याला बांधताना खोंडानं मान झटकली होती.

"खाता येतंय का?" अण्णांनी विचारलं.

"दाढा हायेत की. खायाचं काय न्हाई मला."

"मग बोलायला अडतंय?"

"बोलाया मला हाय कोन? दिसभर गुरं आन् म्या." तो थांबला. मग हात खाली घेऊन म्हणाला, "मला शीळ पायजे."

त्यानं सांगितलं ते असं. पठारावर पावसाळ्यात धुकं उतरलं की हातावरचं दिसत नाही. गुरं कड्याच्या अंगाला गेली तर त्यांना वळवायचं कसं? हाक धुक्यात विरते. त्याचा बाप शीळ घालायचा, तो शीळ घालायचा, आणि गुरं त्या शिळेला वळायची. बोटं न लावता, जीभ दाताला टेकवून घातलेली शीळ. कारण एका हातात काठी आणि दुसऱ्यात कधी वासरू असायचं. दात गेले तशी शीळ गेली. "म्या वराडतोय, बायकू वराडतीया. भादव्यात दोन गाई कड्यावरनं गेल्या. येक गाभन व्हती. आता परत पाऊस यायच्या आदी कायतरी करा, अण्णा."

तो गेल्यावर अण्णा वर माझ्या खोलीच्या दारापर्यंत धावत आले. ते सहसा जिना चढत नसत. "बाई, ऐकलंत? आयुष्यभर मी कवळीतली शीळ काढत आलो. 'स' म्हणताना शीळ वाजली की कवळी मोडून पुन्हा करायची. आणि हा माणूस म्हणतो, शीळ घाला!" त्यांच्या डोळ्यांत मी इतका आनंद कधी पाहिला नव्हता.

पण साठीच्या अण्णांना स्वतःला शीळ येत नव्हती. तेव्हा पहिलं काम म्हणजे ती शिकणं. त्यांची स्वतःची वरची कवळी त्यांनीच केलेली होती, गावातली सगळ्यात देखणी. ती लावून ते आरशासमोर उभे राहत आणि सकाळ-संध्याकाळ फुसफुस करत. आठव्या दिवशी वाजली. मग काय विचारता! अंघोळीला जाताना शीळ, तोफ घासताना शीळ. माझ्याकडून शाळेतल्या खडूची पूड मागून घेतली. ती कवळीच्या आतल्या अंगाला फासायची, शीळ घालायची, कवळी काढायची आणि जिभेनं पूड कुठं पुसली ते बघायचं. "हे बघा, जीभ इथं टेकते आणि वारा इथून जातो. इथं रबर पातळ पाहिजे आणि मधोमध थोडी खोलगट रेघ."

रेघ कुठं हवी ते कळलं. अडचण निराळीच होती. पुढचे दातच नव्हते. लढाईमुळे विलायतेचा माल बंद होता. पेटीत चार दाढा आणि एक तडकलेला सुळा उरला होता. मुंबईला पत्रं गेली. उत्तर एकच, माल नाही.

तीनेक आठवड्यांनी, बाजाराच्या आदल्या सकाळी मी शाळेत निघाले होते. अण्णा खिडकीशी स्पिरिटचा दिवा लावून बसले होते. त्यांनी आपली वरची कवळी ज्योतीवर धरली, रबर मऊ होऊ दिलं आणि चिमट्यानं पुढचे सहा दात एकेक करून काढून वाटीत टाकले. वहिनी स्वयंपाकघरातून आल्या त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"अहो, हे काय! कापडवाल्यानं अंगावरचा सदरा फाडून गिऱ्हाइकाला द्यावा तसं झालं हे!"

"त्याचा जबडा माझ्याएवढाच रुंद आहे," अण्णा म्हणाले. निदान मला तसं ऐकू आलं, कारण अर्धी अक्षरं हवेत गेली होती. मग त्यांनी आमचं वाक्य म्हणून पाहिलं. चिंचही गेली आणि सोसाटाही गेला. सगळ्यात आधी तेच हसले.

त्या सहा दातांच्या कडा त्यांनी घासून थोड्या झिजवल्या. पंचेचाळीस वर्षं भाकरी खाल्लेल्या माणसाचे दात कोरे नसतात म्हणाले. दर बाजाराला गवळी येई, कवळी लावून बघे, फुसफुसे, अण्णा खडूची पूड बघत आणि कानस चालवत. चौथ्या बाजाराला एक शीळ वाजली. आखूड, पण खणखणीत. आळीतली कुत्री उठून उभी राहिली.

आणि त्याच आठवड्यात शाळेच्या कमिटीवरचे एक वजनदार गृहस्थ माझ्याकडे आले. उत्सवात भाषण करावं तर त्यांनीच, असा त्यांचा लौकिक होता. ते खुर्चीवर बसले नाहीत. "बाई, तुम्ही राहता त्या घरातून महिना-दीड महिना शिट्ट्या ऐकू येतायत. गावात बोललं जातंय. मुलींच्या शाळेची शिक्षिका, त्यातून एकटी. दुसरी खोली बघा. नाहीतर आम्हाला दुसऱ्या बाई बघाव्या लागतील."

नोकरी गेली तर मला परत जायला घर नव्हतं. पण खाली वाटीत पडलेले ते सहा दात मी पाहिले होते. मी म्हटलं, "आधी खाली चला. शिट्ट्या कशासाठी आहेत ते बघा."

ते खाली आले. अण्णा कानस घेऊन बसले होते. गृहस्थांनी तिथं उभं राहून त्यांना पाव तास सुनावलं. सभ्यता काय, भोर संस्थानाची शिस्त काय, साठीत शिट्ट्या घालणाऱ्याला लाज कशी नाही! अण्णा मान खाली घालून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "पावसाच्या आत काम होईल, साहेब. मग आवाज यायचा नाही."

ते गेल्यावर मी रडवेली होऊन विचारलं, "एवढं सगळं तुम्ही मुकाट ऐकून घेतलंत?"

अण्णा दाराकडे बघत होते. "एक तरी अक्षर घसरलं का हो त्यांचं?" त्यांनी विचारलं. "सगळे 'स' कसे स्वच्छ पडले. एवढे तावातावानं बोलले, पण जागची हलली नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या गृहस्थांच्या तोंडातली कवळी अण्णांनीच केलेली होती. एका वाक्यात अण्णांना त्यांचं तोंड बंद करता आलं असतं. त्यांनी ते केलं नाही, आणि मलाही लगेच बजावलं, "हे तुम्ही ऐकलं नाहीत."

त्या दुपारी मी कमिटीला अर्ज लिहिला. खाली एका गवळ्यासाठी दात बनत आहेत, त्याच्या जनावरांचे जीव त्या शिळेवर आहेत, काम पुरं होईपर्यंत शिळा ऐकू येतील, आणि मी ही खोली सोडणार नाही. अक्षर एरवीपेक्षा मोठं काढलं. त्या अर्जाला कधी उत्तर आलं नाही. माझी नोकरी राहिली. का राहिली, ते मी कुणाला विचारायला गेले नाही.

पुढे लढाई संपून माल येईपर्यंत अण्णा पुढच्या सहा दातांवाचूनच वावरले. लग्नात गेले, उत्सवात गेले. दात करणाऱ्यालाच दात नाहीत म्हणून लोक हसत. ते कारण सांगत नसत. ज्याच्या तोंडात गेले त्याची ती गोष्ट, असं त्यांचं म्हणणं. सांगितलं ते गवळ्यानंच, भर बाजारात, तूप विकता विकता, जो भेटेल त्याला. म्हणून तर मी आज लिहिते आहे.

पण पठारावर काय झालं ते राहिलंच.

वैशाख होता, शाळेला सुट्टी होती. अण्णा म्हणाले, "खोलीत वाजली ती शीळ नव्हे. गुरं वळली तर शीळ." वहिनींनी डबा बांधून दिला. कापूरहोळपर्यंत सर्व्हिस मोटार, तिथून नसरापूरवरून गवळ्याच्या ओळखीच्या माणसाची बैलगाडी, आणि पालीपासून पायी चढ. करवंदीच्या जाळ्या पिकल्या होत्या. अण्णा दर शंभर पावलांना बसत, पण कानस आणि खडूची पुडी असलेली पिशवी मला घेऊ देत नव्हते.

वर पोचलो तेव्हा समोरच्या उतारावर गुरं पांगलेली होती, मधे खोल घळ. गवळ्यानं काठी खांद्याला टेकवली आणि शीळ घातली. गुरांनी माना वर केल्या. बघितलं. आणि परत चरायला लागली.

त्यानं पुन्हा घातली. एकही जनावर हललं नाही. "ओळखंना झाली," तो हळूच म्हणाला. "शेवट पडतुया. आमची शीळ शेवटाला वर चडती. ही पडती."

अण्णा एका दगडावर बसले. "आण इकडं."

कवळी हातात घेतली, धोतराच्या सोग्यानं पुसली, पूड फासली. "घाल." त्यानं घातली. कवळी परत हातात. अण्णांनी ती उन्हाकडे धरून इतका वेळ पाहिली की मला वाटलं, आता काही होत नाही. मग त्यांनी रेघेच्या डाव्या अंगाला कानशीचे तीन हात मारले. मोजून तीन. फुंकर घातली, पाण्यानं धुतली.

"आता."

ती शीळ मला अजून ऐकू येते. बारीक सुरू झाली, लांबली आणि शेवटी वळण घेऊन वर चढली. घळीच्या पलीकडे एका म्हाताऱ्या तांबड्या गाईनं मान वळवली आणि ती चालायला लागली. तिच्यामागून दुसरी. मग सगळा कळप घळीकडे उतरू लागला. गवळी शीळ घालत घालत तसाच उताराला लागला. आमच्याकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही.

आवाज ऐकून त्याची बायको घरातून धावत बाहेर आली होती. ती दाराशी उभी राहून ऐकत होती. मग पदरानं डोळे पुसून आम्हाला सावलीत बसवलं, पाणी दिलं, भाकरी आणि दूध आणून ठेवलं. अण्णांनी तिच्याकडे बघून तोंडभर हसून घेतलं आणि ती एकदम थबकली.

"तुमीच का वं दात बसिवनारं?"

"व्हय," अण्णा तिच्यासारखंच म्हणाले.

"आन् मग तुमचं दात कुठं हायेत?"

अण्णांनी पलीकडच्या उताराकडे बोट केलं. "तिथं," ते म्हणाले. "गुरं वळवतायत."

ती आधी उताराकडे बघत राहिली, मग अण्णांच्या तोंडाकडे. खाली बसली, अण्णांच्या पुढ्यातली भाकरी उचलली आणि दुधात बारीक कुस्करून वाटी त्यांच्या हातात दिली. अण्णांनी घास उचलला. तेवढ्यात घळीतून पुन्हा शीळ आली, आणि ती पुरी वर चढेपर्यंत त्यांनी तो घास तसाच हातात धरून ठेवला.